स्फटिकाची बैठक

नाशिकच्या द्वारका चौकातून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग पुढे इंदूरला पोचतो. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र, आहे. त्यावर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या बीएल-२१ या किरणमार्गावर प्रथिनांच्या स्फटिकांतून क्ष-किरण सोडतात आणि विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून प्रथिनाची रचना उलगडतात. त्यासाठी आधी स्फटिक हवा, आणि तो वाढतो तळहाताएवढ्या प्लेटमध्ये. ही प्लेट कोणती घ्यायची, हा प्रश्न किरकोळ खरेदीचा वाटतो. पेशीपटलातल्या प्रथिनांच्या बाबतीत मात्र तो प्रयोगाचाच भाग आहे.

आपल्या निम्म्याहून अधिक औषधांचे लक्ष्य हीच प्रथिने असतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर दिले जाणारे बेडाक्विलिन जिवाणूच्या पटलातल्या एटीपी सिंथेजला चिकटते. अशा प्रथिनाचा मधला पट्टा पाण्याला टाळतो. पटलातून बाहेर काढले की ते गोळा होऊन बसते, म्हणून त्याला डिटर्जंटचे वेष्टन द्यावे लागते. हार्टमुट मिशेल यांनी १९८२ मध्ये जांभळ्या जिवाणूच्या प्रकाशसंश्लेषण केंद्राचे स्फटिक अशाच डिटर्जंटयुक्त द्रावणात वाढवले. त्या रचनेसाठी त्यांना आणि त्यांचे सहकारी डायझेनहोफर व हुबर यांना १९८८ चे नोबेल मिळाले.

प्लेटची अडचण या डिटर्जंटपासूनच सुरू होते. जुन्या ‘हँगिंग ड्रॉप’ पद्धतीत २४ खळग्यांची प्लेट असते. काचेच्या चकतीवर प्रथिनाचा थेंब ठेवून ती द्रावण भरलेल्या खळग्यावर उलटी करायची आणि ग्रीसने बंद करायची. थेंबातले पाणी हळूहळू खालच्या द्रावणाकडे जाते, थेंब दाट होतो. डिटर्जंटमुळे मात्र पृष्ठताण घटतो; लटकता थेंब पसरतो, कधी घसरतोही. म्हणून ‘सिटिंग ड्रॉप’ची ९६ खळग्यांची प्लेट बरी. तिच्यात थेंब छोट्या खोलगट ओट्यावर टेकतो आणि यंत्रमानव शंभर-दोनशे नॅनोलिटरचे थेंबही टाकू शकतो. थोडेच प्रथिन हाती असताना हा मोठा आधार आहे.

१९९६ मध्ये लांडाऊ आणि रोझेनबुश यांनी वेगळी वाट दाखवली. मोनोओलीन हा स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनाचे द्रावण जोडलेल्या दोन सिरिंजमधून पुन्हापुन्हा ढकलले की टूथपेस्टसारखा घट्ट, पारदर्शक लगदा होतो. त्यात प्रथिनाला पुन्हा पटलासारखे घर मिळते. बीटा-२ ॲड्रिनर्जिक ग्राहकाची २००७ मधली प्रसिद्ध रचना याच मार्गाने मिळाली.

या लगद्याला काचेची सँडविच प्लेट लागते: खाली सुमारे एक मिलिमीटर जाड काच, मध्ये छिद्रे पाडलेली दोन्हीकडून चिकटणारी पट्टी, वर ०.२ मिलिमीटरची पातळ काच. एका खळग्यात ५० नॅनोलिटर लगदा आणि त्यावर ८०० नॅनोलिटर द्रावण मावते. काच पाणी सोडत नाही आणि ध्रुवित प्रकाशात स्वतःचे रंग दाखवत नाही, त्यामुळे काही मायक्रॉनचा स्फटिकही दिसतो. पॉलिस्टायरीन ध्रुवित प्रकाशात चमकते आणि अतिनील किरण शोषते. प्रथिनाची चमक पाहून स्फटिक मिठाचा नाही ना, हे तपासायचे तर अतिनील-पारदर्शक प्लास्टिक लागते. तापमानही सांभाळावे लागते. प्लेट साधारण २० अंशांवर ठेवतात; फार गार झाल्यास मोनोओलीन गोठते. नाशिकच्या हिवाळ्यात ती उघड्या टेबलावर ठेवून चालणार नाही.

काचेची खरी परीक्षा शेवटी असते. वरची काच कापून, लगदा सुकण्याआधी, स्फटिक बारीक फासात उचलायचा. त्यात कित्येक चांगले स्फटिक हातचे जातात. म्हणून आता पातळ पडद्यांच्या अशा प्लेटही आहेत, ज्या स्फटिकासकट किरणांत धरता येतात.

अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीमुळे (क्रायो-ईएम) मोठ्या पटल-प्रथिनांसाठी स्फटिकाची गरज कमी झाली आहे. तरी लहान प्रथिनांसाठी आणि औषधाचा रेणू नेमका कुठे बसतो हे बारकाईने पाहण्यासाठी स्फटिक आजही मोलाचा आहे. नव्याने काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून शेवटाकडून विचार करावा: स्फटिक उचलणार कसा, पाहणार कोणत्या प्रकाशात, ठेवणार किती आठवडे? त्यावरून प्लेट ठरवावी. आणि वहीत क्षार, आम्लता, तापमान यांच्या शेजारी प्लेटचा प्रकारही लिहावा, कारण थेंब सुकण्याचा वेग प्लेटगणिक बदलतो आणि तेच द्रावण दुसऱ्या प्लेटमध्ये स्फटिक देईलच असे नाही.