मण्यारदंश : दुखते पोट, शाबूत मेंदू

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर दंशाची खूण अनेकदा दिसत नाही आणि पहाटेची पोटदुखी अपचनाच्या नावावर खपून जाते; विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधामुळे ख्यातकीर्त झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा सर्पदंशांवरही लिहिले आहे. मण्यारीचे विष मज्जातंतूंची टोके, म्हणजे स्नायूंना संदेश देणारी ठिकाणे, निकामी करते. त्यामुळे पापण्या मिटतात, श्वास थांबतो आणि मेंदू बहुधा शाबूत असूनही रुग्ण मेंदूमृत भासतो, म्हणूनच कृत्रिम श्वास लवकर थांबवणे घातक ठरते. या कृत्रिम श्वासासाठी अतिदक्षता विभागात घडणाऱ्या दीर्घ मुक्कामात प्रतिजैविकांनी आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मरतात, ते तयार करत असलेले, आतड्याचे अस्तर पोसणारे ब्युटिरेट हे आम्ल घटते आणि दाह रक्तावाटे मेंदूपर्यंत जाऊन भ्रम वाढवतो, असा संशोधकांचा कयास आहे. माणसांतील पुरावा मात्र अजून तोकडाच आहे.