विश्लेषण : पित्तरस फक्त पचनासाठी? यकृत, साखर आणि चरबीशी त्याचा संबंध काय?

यकृताच्या एका दुर्मीळ विकारावर दिले जाणारे ‘ओबेटिकोलिक ॲसिड’ हे औषध अमेरिकेच्या बाजारातून मागे घेत असल्याचे ‘इंटरसेप्ट’ या कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने त्याची मंजुरी २०२४ मध्येच काढून घेतली होती. हेच औषध फॅटी लिव्हरवरील पहिले मान्यताप्राप्त औषध ठरेल, अशी एकेकाळी अपेक्षा होती. पित्तरसातील आम्लांची नक्कल करून पेशींमधील एक कळ दाबायची, ही त्यामागची कल्पना. ती कळ नेमकी कोणती आणि औषध का अडखळले?

पित्ताम्ले म्हणजे काय?

बोलीभाषेत ‘पित्त झाले’ म्हणजे बहुतेक वेळा जठरातील आम्लाचा त्रास. पित्तरस वेगळा. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि जेवणानंतर लहान आतड्यात उतरतो. त्यातील पित्ताम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते. भांड्याचा साबण तेलकटपणा फोडतो, तशी ही आम्ले तेल-तुपाचे बारीक थेंब करतात. त्यामुळे चरबी आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जातात. काम झाल्यावर सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले आतड्यातून पुन्हा यकृताकडे परततात. हा फेरा दिवसातून अनेकदा होतो. शौचावाटे जाणारा थोडासा भाग यकृत रोज भरून काढते.

रिसेप्टरचा शोध कधी लागला?

पित्ताम्लांच्या रचनेवरील संशोधनासाठी जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख वीलांड यांना १९२७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तरीही पुढे अनेक दशके ती पचनाचे साधन म्हणूनच ओळखली गेली. १९९९ मध्ये तीन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की पेशीच्या केंद्रकातील ‘एफएक्सआर’ हे प्रथिन पित्ताम्लांना ओळखते आणि त्यानुसार जनुकांचे काम चालू-बंद करते. २००२-०३ मध्ये जपानी संशोधकांना पेशीच्या आवरणावरील ‘टीजीआर-५’ हा दुसरा रिसेप्टर सापडला. म्हणजे पित्ताम्ले संप्रेरकांप्रमाणे शरीरभर निरोपही पोहोचवतात.

हे रिसेप्टर काय करतात?

एफएक्सआर हा पाण्याच्या टाकीतील बॉलकॉकसारखा आहे. आतड्यात पित्ताम्ले पुरेशी झाली, की तो ‘एफजीएफ-१९’ हे संप्रेरक सोडायला लावतो. हे संप्रेरक यकृताला नवी पित्ताम्ले बनवणे कमी करण्याचा निरोप देते. ही व्यवस्था बिघडली आणि पित्ताम्ले यकृतात तुंबली, तर यकृताच्या पेशींनाच इजा होते. एफजीएफ-१९ कमी पडले, तर जास्तीची आम्ले मोठ्या आतड्यात उतरून दीर्घकाळ जुलाब होऊ शकतात. यकृतातील चरबी आणि साखरेच्या निर्मितीवरही एफएक्सआरचा प्रभाव असतो.

टीजीआर-५ आतड्यातील पेशींना ‘जीएलपी-१’ सोडायला लावतो. सेमाग्लुटाइडसारखी मधुमेह आणि वजनावरील औषधे ज्याची नक्कल करतात, तेच हे संप्रेरक. आतड्यातील जिवाणू पित्ताम्लांचे रूप बदलतात आणि अशी बदललेली काही आम्ले टीजीआर-५ ला अधिक जोराने चालना देतात. त्यामुळे आतड्यातील जिवाणूंचा चयापचयाशी असलेला संबंध काही अंशी याच वाटेने जातो.

मधुमेह, लठ्ठपणाशी संबंध कसा दिसला?

‘कोलेसेव्हेलम’ हे औषध आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते. ती भरून काढण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉल वापरते आणि रक्तातील ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, घटते. या औषधाने रक्तातील साखरही कमी होत असल्याचे दिसले आणि अमेरिकेने २००८ मध्ये त्याला टाइप-२ मधुमेहासाठीही मंजुरी दिली. वजन घटवण्यासाठी जठराचा आकार कमी करणारी शस्त्रक्रिया उंदरांवर करून पाहिली असता, एफएक्सआर नसलेल्या उंदरांत तिचा लाभ फारसा टिकला नाही, असे २०१४ मधील एका संशोधनात आढळले.

मग औषध का अडखळले?

ओबेटिकोलिक ॲसिड एफएक्सआरला चालना देते. ‘प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस’ या विकारासाठी अमेरिकेने २०१६ मध्ये त्याला सशर्त, वेगवान मंजुरी दिली. २०१८ मध्ये त्याच्या वेष्टनावर यकृताला गंभीर इजा होण्याचा ठळक इशारा आला आणि २०२१ मध्ये बळावलेल्या सिरोसिसच्या रुग्णांसाठी त्याचा वापर थांबवण्यात आला.

फॅटी लिव्हरच्या मोठ्या चाचणीत दीड वर्षानंतर यकृतावरील व्रण कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण औषधाची जास्त मात्रा घेणाऱ्यांत २३ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के होते. मात्र औषधाची जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के जणांना खाज सुटली. दुसऱ्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. एलडीएलही वाढले. त्याचे एक कारण यंत्रणेतच आहे : पित्ताम्ले बनवणे थांबले, की त्यासाठी खर्च होणारे कोलेस्टेरॉल शिल्लक राहते. अमेरिकेने २०२३ मध्ये या वापराला मंजुरी नाकारली. एकच कळ अनेक अवयवांत असल्याने ती सरसकट दाबली, की हवे ते आणि नको ते, दोन्ही परिणाम एकदम घडतात.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

फॅटी लिव्हरच्या पुढच्या, सूज आणि व्रणांच्या अवस्थेसाठी अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मंजुरी मिळाली. दोन्ही वेगळ्या रिसेप्टरवर काम करतात. केवळ आतड्यातील एफएक्सआरवर परिणाम करणारी रसायने शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत. भारताने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. वजन जास्त असल्यास ते ७ ते १० टक्क्यांनी घटवणे, हा आजही उपचाराचा पाया आहे. ओबेटिकोलिक ॲसिड घेणाऱ्यांनी ते परस्पर सुरू किंवा बंद न करता यकृततज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.