कुरळे केस कोरडे का पडतात? केसांना ‘ओलावा’ द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

‘केस विंचरले नाहीत का?’ हा प्रश्न कुरळे केस असलेल्या मुलींना शाळेपासून ऐकावा लागतो. मग कुणी चापूनचोपून तेल लावून दोन घट्ट वेण्या घालतं, कुणी रोज स्ट्रेटनर फिरवतं, तर कुणी हजारो रुपये मोजून पार्लरमध्ये केस सरळ करून घेतं. कुरळे केस मुळात वेगळे असतात आणि त्यांची निगाही वेगळ्या पद्धतीने राखावी लागते, हे मात्र फार कमी जणींना सांगितलं जातं.

इन्स्टाग्रामवर ‘केसांना मॉइश्चर द्या’ असं सांगणारे शेकडो रील्स सापडतात. पण म्हणजे नक्की काय करायचं? समजून घेऊया.

कुरळे केस लवकर कोरडे का होतात?

आपल्या टाळूतल्या ग्रंथींमधून सीबम नावाचं नैसर्गिक तेल पाझरतं. सरळ केसांवरून ते सहज खाली उतरतं. कुरळ्या केसांना मात्र प्रत्येक ठिकाणी वळण असतं. त्यामुळे तेल मुळांपाशीच अडकतं आणि टोकं कोरडी राहतात. टाळू तेलकट पण केस रखरखीत, अशी अनेकींची तक्रार असते, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरं कारण केसाच्या रचनेत आहे. केसाच्या सर्वात बाहेरच्या थराला क्युटिकल म्हणतात. घरावरची कौलं जशी एकमेकांवर बसवलेली असतात, तसे त्याचे सूक्ष्म खवले असतात. केस जिथे वळतो तिथे हे खवले लवकर उचकटतात. जोरात विंचरणं, ब्लीच, केमिकल कलर आणि अति उष्णता यांनी ते झिजतात. खवले नीट बसलेले नसले की केस खरखरीत लागतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांची चमक जाते.

पावसाळ्यात केस का फुलतात?

केस केरॅटिन नावाच्या प्रथिनापासून बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्यांमध्ये हायड्रोजन बंध असतात. पाणी लागलं की ते तुटतात आणि केस वाळताना नव्याने जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घातली तर सकाळी केसांना लाटा पडलेल्या दिसतात, त्या यामुळेच.

हवेत दमटपणा वाढला की हेच बंध विस्कटतात. काही केस जास्त पाणी शोषतात, काही कमी. मग प्रत्येक केस आपापल्या दिशेने वळतो आणि डोक्याभोवती फुलोरा दिसू लागतो. पुण्यात किंवा नागपुरात नीट बसणारे केस मुंबईत किंवा कोकणात उतरल्यावर फुलतात, ते याच कारणाने.

इथे एक गंमत आहे. ‘कोरडे’ वाटणाऱ्या केसांत पाणी कमीच असतं असं नाही. खराब झालेला केस पाणी पटकन शोषतो आणि तितक्याच पटकन सोडतो. म्हणून नुसतं पाणी शिंपडून उपयोग होत नाही. केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत करणं आणि पाण्याची ही ये-जा आटोक्यात ठेवणं, याला ढोबळमानाने ‘ओलावा देणं’ म्हणतात.

खोबरेल तेल खरंच उपयोगी आहे का?

हो, पण कशासाठी हे माहीत हवं. २००३ साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. खोबरेल तेल लावलेल्या केसांतून धुताना आणि विंचरताना कमी प्रथिनं निघून गेली. बाकी दोन तेलांचा तसा फायदा दिसला नाही. मॅरिको स्वतः खोबरेल तेल विकते, हे इथे लक्षात ठेवायला हवं. तरी कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलातल्या लॉरिक ॲसिडचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात. आत गेलेलं तेल धुताना केसाचं अति फुगणं कमी करतं.

म्हणजे तेल स्वतः पाणी देत नाही, संरक्षण देतं. त्यासाठी ते धुण्याआधी केसांच्या लांबीला आणि टोकांना लावलं तर फायदा होतो. कोंडा असेल तर मात्र टाळूवर रात्रभर तेल ठेवू नका. कोंड्याशी संबंधित मॅलेसेझिया ही बुरशी तेलातल्या स्निग्ध घटकांवरच वाढते.

मग घरी काय करायचं?

- धुणं: शाम्पू टाळूला लावा, टोकांना चोळू नका. बहुतेकींना आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. घाम किंवा तेलकटपणा जास्त असेल तर त्याहून जास्त वेळा धुतलं तरी चालतं. अंगाचा साबण केसांना लावू नका. तो अल्कधर्मी असल्याने खवले उचकटतात.

- कंडिशनर: दरवेळी लावा. त्यातले धनभारित रेणू केसाच्या झिजलेल्या, ऋणभारित भागांना चिकटतात आणि केस मऊ करतात.

- विंचरणं: कोरडे असताना नको. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून रुंद दातांचा कंगवा टोकांकडून वर, हळूहळू गुंता सोडवत फिरवा.

- पुसणं: टर्किश टॉवेलने खसाखसा घासू नका. आजीचा सुती पंचा किंवा जुना टी-शर्ट घ्या आणि केस नुसते दाबून टिपा.

- जेल: केस ओले असतानाच लीव्ह-इन क्रीम किंवा जेल लावा. घरी करायचं तर पाव कप जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला तर टाकून द्या.

बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा थर केसांवर साचतो. अशा वेळी महिन्यातून एक-दोनदा चिलेटिंग शाम्पू वापरता येतो.

पार्लरमधल्या ट्रीटमेंटचं काय?

केस सरळ करणाऱ्या काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवलं आहे. ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ लिहिलेल्या काही उत्पादनांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची केस प्रसिद्ध झाली. २०२० ते २०२२ दरम्यान तिने तीनदा असं स्ट्रेटनिंग केलं आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. संशोधकांनी तेच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावलं, तेव्हा त्यांच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. प्रत्येकीला असंच होईल असं नाही. पण खुर्चीत बसण्याआधी बाटलीवरचे घटक वाचायला मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

केस अचानक रखरखीत झाले, मूठभर गळायला लागले, टाळूवर चट्टे पडले किंवा सतत खाज येत असेल तर कंडिशनर बदलत बसू नका. थायरॉइड मंदावल्यानेही केस कोरडे आणि राठ होतात. लोहाची कमतरता हे केसगळतीचं एक कारण असू शकतं. त्वचारोगतज्ज्ञ साध्या रक्ततपासणीतून याचा छडा लावू शकतात.

आधीच झिजलेला केस मात्र कोणत्याही क्रीमने पूर्ववत होत नाही, कारण टाळूबाहेरचा केस निर्जीव असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे निगा बदलल्यावर खरा फरक दिसायला काही महिने द्यावे लागतात. तोवर दुभंगलेली टोकं थोडी थोडी कापत राहा.