इथन हंटच्या निरोपानं चाहते का हिरमुसले?

'मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग' भारतात १७ मे २०२५ रोजी झळकला, म्हणजे अमेरिकेच्याही सहा दिवस आधी. एरवी तिकडची मतं वाचून मग थिएटर गाठणारा आपला चाहता या वेळी पहिल्या फळीत होता. १९९६ पासून सुरू असलेल्या मालिकेतला हा आठवा चित्रपट. तोच शेवटचा, असं इथन हंट साकारणाऱ्या टॉम क्रूझ यांनीही प्रसिद्धीच्या काळात सांगितलं होतं. त्यानंतर उमटलेल्या प्रतिक्रियांची वर्गवारी 'आवडला' आणि 'नाही आवडला' अशी सरळ करता येत नाही, कारण दोन्ही मतं बऱ्याचदा एकाच प्रेक्षकाच्या तोंडी होती. पहिला तास रटाळ वाटला, जुन्या चित्रपटांची दृश्यं दाखवून दाखवून वीट आणला, अशी तक्रार करणारा माणूस पुढच्याच वाक्यात पाणबुडीच्या आणि विमानाच्या प्रसंगांबद्दल भरभरून बोलत होता. हा गोंधळ नव्हे. चाहत्यांना नेमकं काय खटकलं आणि नेमकं काय भावलं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की त्यामागचा विचार स्पष्ट दिसतो. या चित्रपटानं तीस वर्षांच्या घटना एकमेकींना जोडून दाखवण्यावर सगळी भिस्त ठेवली. चाहत्यांना मात्र त्या घटनांची माणसांना बसलेली झळ पाहायची होती. जिथे ती दिसली, तिथे त्यांनी चित्रपटाला मनापासून दाद दिली.

या मालिकेची घडण लक्षात घेतली की हा फरक चटकन कळतो. 'मिशन: इम्पॉसिबल' ही सुरुवातीपासून सलग सांगितलेली गोष्ट नव्हतीच. पहिला चित्रपट ब्रायन डी पाल्मा यांचा, संशयानं भरलेला. २००० सालचा दुसरा जॉन वू यांचा, संथ गतीतल्या हाणामारीचा. २००६ चा तिसरा जे. जे. अब्राम्स यांचा, घर आणि नोकरी यांच्या कात्रीत सापडलेल्या नवऱ्याचा. २०११ चा 'घोस्ट प्रोटोकॉल' ब्रॅड बर्ड यांचा. त्यात इथन दुबईच्या बुर्ज खलिफावर चढतो आणि कथेचा उत्कर्षबिंदू मुंबईत येतो, अनिल कपूर यांच्या साक्षीनं. दर वेळी दिग्दर्शक नवा, शहर नवं, संकट नवं. मागचा भाग पाहिला नसला तरी काही अडत नसे. इथन हंट, विंग रेम्स यांनी साकारलेला ल्यूथर, मुखवटे आणि लालो शिफ्रिन यांची ती ओळखीची धून, एवढीच काय ती शिदोरी पुढच्या चित्रपटात जायची. २०१५ पासून क्रिस्टोफर मॅकक्वेरी सलग चार भागांचे दिग्दर्शक झाले आणि कथेला सातत्य येऊ लागलं. तरीही पहिल्या चार चित्रपटांचं सुटेपण तसंच राहिलं होतं. शेवटच्या चित्रपटानं नेमकं तेच मोडायला घेतलं.

तिसऱ्या चित्रपटातलं 'रॅबिट्स फूट' आठवा. त्या वस्तूसाठी सगळे जिवावर उदार होतात, पण ती वस्तू म्हणजे काय, हे अब्राम्स यांनी मुद्दामच सांगितलं नाही. शेवटी इथन आपल्या वरिष्ठाला थेट विचारतो, तरीही उत्तर मिळत नाही. कारण त्या चित्रपटाचा सगळा ताण फिलिप सेमूर हॉफमन यांनी रंगवलेला थंड डोक्याचा खलनायक आणि आपल्या बायकोचा जीव वाचवू पाहणारा इथन यांच्यात होता. तिथे वस्तू निमित्तमात्र होती. शेवटच्या चित्रपटात एकोणीस वर्षांनी उत्तर येतं: जगाला वेठीला धरणाऱ्या 'एंटिटी' या कृत्रिम बुद्धिमत्तेचं मूळ त्या रॅबिट्स फूटमध्ये होतं. तसंच ब्रिग्ज हा इथनच्या मागावर असलेला अधिकारी पहिल्या चित्रपटातल्या गद्दार जिम फेल्प्सचा मुलगा निघतो. हे उलगडे चाहत्यांना थंड वाटले, ते का, हे पाहण्यासारखं आहे. ब्रिग्जचा बाप कोण हे कळल्यावर पुढच्या घटनांमध्ये फारसा फरक पडत नाही. रॅबिट्स फूटचं रहस्य कळल्यानं तर तिसऱ्या चित्रपटातली गंमतच उणावते. उलट, गेब्रिएल या खलनायकानं मारी नावाच्या स्त्रीला मारलं आणि त्यातूनच इथन या कामात ओढला गेला, हा धागा २०२३ च्या 'डेड रेकनिंग'मध्ये चित्रपटकर्त्यांनी स्वतःच काढला होता. त्याची उकल व्हावी ही चाहत्यांची रास्त अपेक्षा होती, पण तो धागा वाऱ्यावर सोडला गेला.

याच चित्रपटात जुन्या भागातून आलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती चाहत्यांनी डोक्यावर घेतली. १९९६ च्या चित्रपटात लँगलीतल्या सीआयएच्या तिजोरीसारख्या खोलीत इथन छतातून दोरीवर लोंबकळत उतरतो. खोलीत आवाज वाढला, तापमान चढलं किंवा जमिनीवर थेंब पडला तरी धोक्याची घंटा वाजणार. त्या खोलीत काम करणारा विल्यम डनलो हा साधा विश्लेषक कॉफीत घातलेल्या औषधामुळे पोट ढवळून सारखा बाहेर पळत असतो. थिएटरात तेव्हा त्याच्यावर हशा पिकायचा. तो परततो तेव्हा टेबलात रुतलेला सुरा त्याला दिसतो आणि वरिष्ठ अधिकारी किट्रिज त्याची रवानगी अलास्काला करून टाकतो. बस, इतकंच. २९ वर्षांनी बेरिंग समुद्रातल्या एका ओसाड बेटावर तोच डनलो भेटतो, रॉल्फ सॅक्सन याच अभिनेत्याच्या रूपात. त्याच्यासोबत त्याची बायको टपीसा आहे. इथनला अपराधी वाटतं, कारण त्याच्या पराक्रमाची किंमत या निरपराध माणसानं मोजली होती. पण डनलोच्या मनात कडवटपणा नाही. ती बदली झाली नसती तर ही बायको, हे आयुष्य मिळालंच नसतं, असा त्याचा सूर आहे. हाही जुन्या चित्रपटाशी जोडलेलाच धागा, पण रॅबिट्स फूटपेक्षा अगदी वेगळा. एका माणसाच्या आयुष्याचं पुढे काय झालं, ते तो सांगतो. पहिला चित्रपट आज पुन्हा पाहिला तर डनलोचं ते धावत सुटणं पूर्वीसारखं निव्वळ विनोदी वाटत नाही. उत्तम निरोपाचं हेच लक्षण: जुन्या चित्रपटाला तो नवं वजन देतो.

पाणबुडीच्या प्रसंगालाही हेच लागू पडतं. बुडालेल्या 'सेव्हस्तोपोल' या रशियन पाणबुडीत इथन एकटा शिरतो. ती समुद्रतळावर स्थिर नाही, उतारावरून हळूहळू कलंडते आहे. भिंतीची जमीन होते, जमिनीचं छत होतं, पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात धावतं आणि अवजड टॉर्पेडो त्याच्या अंगावर घरंगळत येतात. बाहेर पडायला टॉर्पेडोच्या नळीखेरीज वाट नाही आणि पाणबुड्याचा पोशाख घालून त्यातून निघता येत नाही, म्हणून तो उतरवून इथन गोठवणाऱ्या पाण्यात झोकून देतो. या साऱ्या वेळात संवाद जवळपास नाहीतच. आधीचा तासभर चित्रपट जे शब्दांनी पटवू पाहत होता, म्हणजे हा माणूस सगळ्यांसाठी स्वतःला पणाला लावतो, ते इथे न बोलता अंगावर येतं. दक्षिण आफ्रिकेत चित्रित झालेल्या छोट्या विमानांच्या पाठलागालाही अशीच दाद मिळाली. जळत्या पॅराशूटनं १६ वेळा उडी मारल्याबद्दल क्रूझ यांची गिनेस विश्वविक्रमात नोंद झाली, ती याच चित्रपटासाठी. ही दाद फक्त थराराला होती असं म्हणता येत नाही, कारण थरार आठही भागांत आहे. इथे कृतीतूनच पात्राचा स्वभाव कळत होता.

हे निरीक्षण एकाच मालिकेपुरतं नाही. जेम्स बाँडच्या चाहत्यांनी हाच धडा आधी गिरवला होता. डॅनियल क्रेग यांचा 'स्कायफॉल' (२०१२) स्वतंत्र कथा सांगणारा होता आणि तुफान चालला. २०१५ च्या 'स्पेक्टर'मध्ये मात्र खलनायक ब्लोफेल्ड सांगतो की बाँडच्या आधीच्या सगळ्या दुःखांमागे आपणच होतो. चार चित्रपट एका फटक्यात एका सूत्रात बांधले गेले आणि चाहत्यांनी नाकं मुरडली, कारण आधीच्या खलनायकांचं स्वतंत्र अस्तित्वच त्यामुळे खुजं झालं. २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये बाँड चक्क मरतो. यावरून चाहत्यांत उभी फूट पडली, ती अजूनही मिटलेली नाही. पण तो वाद जिवंत होता. बाँडला मुलगी असावी का, त्यानं मरावं का, अशा खऱ्या प्रश्नांवर माणसं भांडत होती. रॅबिट्स फूटच्या उलगड्यावर कुणी हिरिरीनं भांडत नाही. त्याबद्दल कुणाला फारसं काही वाटलंच नाही, हीच त्याच्याविरुद्धची सगळ्यात मोठी साक्ष आहे.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो. मालिकेतला बहुतेकांचा लाडका 'फॉलआउट' (२०१८) हाच मुळी आधीच्या भागाशी घट्ट बांधलेला आहे. खलनायक सॉलोमन लेन तोच, इथनची साथीदार इल्सा तीच, शिवाय तिसऱ्या चित्रपटातली इथनची बायको ज्युलियाही परतते. मग जोडणीत वाईट काय? आक्षेप खरा आहे आणि त्यामुळे मूळ मुद्दा अधिक नेमका होतो. 'फॉलआउट'मध्ये माणसं परत येतात, कोड्यांची उत्तरं नाहीत. सियाचीनच्या पायथ्याशी घडणाऱ्या शेवटच्या भागात (चित्रीकरण न्यूझीलंडचं) ज्युलिया इथनला सांगते की ती जिथे आहे तिथे समाधानी आहे. डनलोचं सांगणंही हेच आहे. दोन्ही प्रसंगांत इथनमुळे पोळलेलं माणूस त्याला मोकळं करतं. तेव्हा जोडणी नको असं चाहत्यांचं म्हणणं नाही, त्या जोडणीतून माणूस भेटावा एवढंच ते मागतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. शेवटच्या दोन भागांत दोन वर्षांचं अंतर पडलं, २०२३ च्या हॉलिवूड संपानं काम रखडलं, तीस ते चाळीस कोटी डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. एवढा पसारा मांडल्यावर जुनं काहीच आठवत नसलेल्या प्रेक्षकालाही सोबत घ्यावं लागणार, म्हणून उजळणी हवीच. यात तथ्य आहे. पण ही उजळणी करण्याची सोय या मालिकेत पहिल्यापासून आहे: स्वतःच नष्ट होणारा तो गुप्त निरोप. जेमतेम दोन-तीन मिनिटांत संकट काय, शत्रू कोण, जबाबदारी कुणाची, सगळं सांगून मोकळा. हे साधन हाताशी असताना जवळपास २ तास ५० मिनिटांच्या चित्रपटाचा मोठा हिस्सा समजावण्यात घालवायची गरज नव्हती. कमाईचा दाखलाही पुरता उपयोगी पडत नाही. अमेरिकेत पहिल्या आठवड्याअखेरीस मालिकेतला सर्वात मोठा गल्ला याच चित्रपटानं जमवला, हे खरं. पण ती तीस वर्षांच्या प्रेमाची पावती होती. जगभरातली एकूण कमाई ६० कोटी डॉलरच्या आत राहिली, तर 'फॉलआउट'नं ७९ कोटींच्या आसपास मजल मारली होती. निरोप द्यायला लोक आले, पुन्हा पुन्हा मात्र आले नाहीत.

तिसरा आक्षेप जरा तुच्छतेचा: चाहत्यांचं समाधान कधीच होत नाही. त्याला या मालिकेच्याच इतिहासात उत्तर आहे. १९६६ ते १९७३ या काळात अमेरिकी टीव्हीवर गाजलेल्या मूळ मालिकेत जिम फेल्प्स हा पथकाचा प्रमुख होता, सचोटीचा माणूस. १९९६ च्या चित्रपटानं त्यालाच गद्दार ठरवलं, त्याचं पथक सुरुवातीलाच मारून टाकलं आणि सगळा खेळ एका नायकाभोवती उभा केला. फेल्प्स साकारणारे पीटर ग्रेव्हज नाराज झाले, मूळ मालिकेतलेच अभिनेते ग्रेग मॉरिस तर चित्रपट अर्ध्यात सोडून बाहेर पडल्याचं सांगितलं जातं. तेव्हा त्यांना जुन्यात अडकलेले म्हणून हिणवणं सोपं होतं. पण पुढे काय झालं? तिसऱ्या चित्रपटापासून मालिका हळूहळू पथकाकडे वळली. ल्यूथर आणि बेंजी हे इथनचे साथीदार तिचे प्राण झाले, आणि शेवटच्या चित्रपटात ल्यूथरच्या मृत्यूनं थिएटर हेलावलं ते त्याच पथकाच्या जिव्हाळ्यामुळे. जुन्या चाहत्यांचा राग रास्त होता, हे मालिकेनं स्वतःच्या वाटचालीतून मान्य केलं. आजची नाराजीही त्याच जातीची आहे. तिला हट्ट म्हणून झटकून टाकणं चूक ठरेल.

शेवट मात्र या चित्रपटाला साधला आहे. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पथकातली माणसं गर्दीत एकमेकांना पाहतात, मान डोलावतात आणि वेगवेगळ्या वाटांनी निघून जातात. इथन मेला नाही म्हणून काहींना चुकल्यासारखं वाटलं, पण तो जिवंत राहणंच योग्य होतं. या माणसानं आठ चित्रपट एकच हट्ट धरला होता: एकालाही मरू द्यायचं नाही. त्याला शहीद करून टाळ्या मिळवणं सोपं होतं. ते टाळण्यात चित्रपटकर्त्यांची शहाणीव आहे.

आपल्याकडेही 'टायगर', 'वॉर', 'पठाण' यांची हेरकथांची एक सामायिक दुनिया उभी केली जाते आहे. तिकडे बाँडची नवी सुरुवात डेनी व्हिलनव्ह यांच्याकडे सोपवली गेली आहे. या सगळ्यांनी चाहत्यांच्या प्रतिक्रियांमधली प्रशंसा आणि तक्रार दोन्ही एकत्र वाचायला हवी. जुन्या चित्रपटांचे दुवे प्रेक्षक स्वतः आठवून ठेवतो, त्यासाठी त्याला मदतनीस लागत नाही. चित्रपटाचा वेळ आणि पैसा खर्च व्हायला हवा तो डनलोसारख्या माणसांवर.