हॉकीपटूचे मनोबल आणि योगाभ्यास
पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली भारताने ग्रेट ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकली. शूटआउटमध्ये खेळाडूस अवघे ८ सेकंद मिळतात. रजोदोषाने चंचल झालेले मन तेथे हात चुकविते. यास्तव सरावानंतर नित्य दहा मिनिटे अनुलोम-विलोम, भ्रामरी व शवासन करवावे. रेचक दीर्घ केल्याने हृदयाची गती मंदावते. सामन्यापूर्वी मात्र चार-पाच संथ श्वास पुरेसे. दीर्घ शवासनाने तमोवृद्धी होऊन स्फूर्ती घटते.

'धीर येण्याचे औषध' मागणाऱ्या खेळाडूस वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी घटकद्रव्ये अज्ञात असलेले चूर्ण कदापि देऊ नये. उत्तेजक चाचणीत दोष आढळल्यास उत्तरदायित्व खेळाडूवरच येते. प्रथम श्वास शिकवावा. औषधाचा विचार त्यानंतर.