बंदूक नको, झाकण हवे!

लहान मूल असलेल्या घरात एखादा तरी ‘टेडी बेअर’ सापडतोच. या कापडी अस्वलाचा जन्म एका शिकारीतून झाला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीच्या रानात शिकारीला गेले होते. त्यांना अस्वल मिळेना, म्हणून सोबत्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास रूझवेल्टसाहेबांनी नकार दिला. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने ‘टेडीचे अस्वल’ विकायला काढले. गोष्टीचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. ते घायाळ अस्वल वाचले नाही. त्याला सुरीने मारण्यात आले.

या गोष्टीला सव्वाशे वर्षे होत आली. खेळण्यातले अस्वल घरोघरी लाडके झाले. पण खऱ्या अस्वलाचे काय करावे, हा वाद अमेरिकेत अजून मिटलेला नाही.

फ्लॉरिडा राज्याचेच उदाहरण घ्या. तेथील काळी अस्वले एके काळी अवघी काहीशे उरली होती. १९७४ मध्ये राज्याने त्यांना संकटग्रस्त ठरविले आणि हळूहळू त्यांची संख्या चार हजारांच्या घरात गेली. त्याच काळात माणसांची घरेही रानाच्या कुशीत शिरली. तक्रारी वाढल्या आणि २०१५ च्या ऑक्टोबरात, एकवीस वर्षांनी, शिकारीला परवानगी मिळाली. ती आठवडाभर चालायची होती. पण दोनच दिवसांत ३०४ अस्वले पडली आणि शिकार थांबवावी लागली! लोकमत खवळले, पुढील वर्षी शिकार झाली नाही.

पुढे २०२५ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली. १७२ परवान्यांच्या सोडतीसाठी १,६०,००० हून अधिक अर्ज आले. त्यांत शिकारीचे विरोधकही होते. परवाना मिळवायचा आणि वापरायचाच नाही. एका परवान्यामागे एक अस्वल वाचेल, हा त्यांचा हिशेब!

लोकांची भीती अगदीच खोटी आहे, असे मात्र कोणी समजू नये. २०२५ च्या मे महिन्यात फ्लॉरिडात एक वृद्ध गृहस्थ अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावले. त्या राज्यात अशी नोंद झालेली ती पहिलीच घटना. माणसावर उठलेल्या जनावराचा बंदोबस्त करावाच लागतो. परंतु सरसकट शिकार हा त्यावरचा इलाज आहे काय?

अस्वल गावात येते ते पोटासाठी. हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी साठविण्यासाठी त्याला दिवसाला २०,००० पर्यंत कॅलरी लागतात. म्हणजे आपल्या आहाराच्या सुमारे दसपट! रानात कंदमुळे, फळे आणि किडे वेचत त्याला दिवसभर हिंडावे लागते. उघड्या केराच्या डब्यात तेवढीच बेगमी घटकाभरात होते. आईचे पाहून पिल्लेही हेच शिकतात. शिकाऱ्याची गोळी लागते रानातल्या अस्वलाला. डबा मात्र गल्लीत तसाच उघडा राहतो. आज एक अस्वल मारले, तरी उद्या त्याच डब्यापाशी दुसरे येणार!

तर मग डबाच बंद केला तर? कोलोरॅडोतील डुरँगो गावी संशोधकांनी हा प्रयोग केला. दोन वस्त्यांत अस्वलाला न उघडणारे सुमारे १,१०० डबे वाटले आणि शेजारच्या दोन वस्त्या पूर्वीसारख्याच ठेवल्या. डबे दिलेल्या वस्त्यांत केराच्या तक्रारी ६० टक्क्यांनी कमी निघाल्या. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानाचा अनुभवही असाच आहे. १९९८ मध्ये तेथे अस्वलांच्या उपद्रवाच्या पंधराशेहून अधिक घटना घडल्या. मोटारींची दारे वाकवून अस्वले आतला खाऊ पळवीत! पुढे मुक्कामाच्या जागी लोखंडी कपाटे बसविली, प्रवाशांना अन्न त्यांतच ठेवण्याची सक्ती केली आणि पहारा वाढविला. काही वर्षांत उपद्रव नव्वद टक्क्यांहून अधिक घटला.

इतरही उपाय आहेत. मधमाश्यांच्या पेट्यांभोवती विजेचे कुंपण घालतात. गावात शिरलेल्या अस्वलाला मोठ्या आवाजाने किंवा रबरी गोळ्यांनी हुसकावतात. माँटानात यासाठी कॅरेलियन जातीचे कुत्रे शिकवून तयार केले आहेत. अस्वल पकडून दूर नेऊन सोडणे मात्र फारसे उपयोगी पडत नाही. कित्येक मैल चालून ते परत येते.

मजबूत डब्यांना पैसे पडतात, हे खरे. डुरँगोत आणखी एक गोष्ट दिसली: डबा कितीही चांगला असला, तरी कडी लावण्याचा कंटाळा करणारी घरे होतीच. ती कडी लावायची, केर आदल्या रात्रीऐवजी सकाळी गाडी यायच्या वेळी बाहेर ठेवायचा आणि पाखरांचे दाणे अंगणातून काढून घ्यायचे, एवढेच काम आहे. त्याला ना सोडत लागते, ना परवाना!