टोकाचे सहा इंच

पूल पार्लरमध्ये माणूस रॅकमधली क्यू उचलतो, टेबलावर लोळवतो, वाकडी नाही एवढं बघतो आणि खेळायला लागतो. मीही कित्येक वर्षं तेवढंच बघत होतो. नेम नेमका बिघडतो कुठे, ते कळायला मला फार उशीर लागला.

पांढऱ्या बॉलला उजवी साइड देऊन, म्हणजे मध्याच्या उजवीकडे मारलं की तो नेमाच्या रेषेवरून किंचित डावीकडे सरकतो. क्यूच्या टोकावरची टिप बॉलला टेकलेली असते ती सेकंदाचा हजारावा भाग, फार तर दोन. तेवढ्यात बॉल फिरायला लागतो आणि टिपेला आपल्याबरोबर बाजूला ओढतो. टोक जड असेल तर ते सहजी ओढलं जात नाही, आणि मग बॉलच उलट्या बाजूला जास्त ढकलला जातो. इतक्या थोड्या वेळात तो धक्का शाफ्टमध्ये, म्हणजे क्यूच्या पुढच्या भागात, मागे पोचतो तो जेमतेम पहिल्या काही इंचांपर्यंत. म्हणून मागचा दांडा कितीही नक्षीदार आणि वजनदार असला तरी या सरकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

१९९४ साली अमेरिकेतल्या प्रिडेटर कंपनीने ३१४ नावाचा शाफ्ट आणला, तो याच विचारातून. मेपलच्या दहा फाका गोलाकार चिकटवलेल्या, पुढचा भाग आतून पोकळ, टिपेखालची फेरूल हलकी. पुढे कार्बन फायबरचे शाफ्ट आले. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मेपल ओल धरतं, वाकतं. कार्बनला ती भीती नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे त्याचा खरा फायदा हाच आहे.

पण दहा वर्षं साध्या मेपलवर खेळलेल्या माणसाने घाईने शाफ्ट बदलू नये. बॉल किती सरकणार याचा हिशेब त्याच्या हातात मुरलेला असतो. त्याने आधी एक चाचणी करावी. समोरच्या कडेवरच्या एका खुणेवर बॉलच्या मधोमध सरळ नेम धरा. पुढचा हात जागचा हलवू नका. फक्त मागचा हात डावीकडे नेऊन टिप उजवीकडे आणा आणि जरा जोरात मारा. बॉल खुणेवर गेला तर तुमच्या पुढच्या हाताचं बॉलपासूनचं अंतर त्या शाफ्टला जुळतं. उजवीकडे गेला तर अंतर कमी पडतंय, डावीकडे गेला तर जास्त होतंय. कमी सरकवणाऱ्या शाफ्टला हात बॉलपासून लांब ठेवावा लागतो. तुमचा हात मुळातच जवळ पडत असेल, तर महागडा शाफ्ट तुमच्या विरुद्धच खेळेल.

जाडीचं थोडक्यात सांगतो. स्नूकरची टिप साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटरची, पूलची बहुधा पावणेबारा ते तेरा. स्नूकरवरून आलेल्याला बारीक टोक बरं वाटतं, कारण बॉलला कुठे टेकतोय ते त्याला स्पष्ट दिसतं.

टिपेबद्दल गैरसमज फार. मऊ टिपेने फिरकी जास्त मिळते असं सर्रास म्हणतात. फिरकी ठरते ती मध्यापासून किती बाजूला मारलं आणि टिप घसरली की नाही यावर. ५७ मिलिमीटरच्या बॉलवर मध्यापासून साधारण १४ मिलिमीटर ही हद्द. त्यापुढे मऊ असो की कडक, टिप घसरतेच. मऊ-कडकपणाने बदलतो तो आवाज, हाताला येणारा ठोका आणि निगा. एकसंध चामड्याची मऊ टिप ठोके खाऊन कडेने पसरते. मूरी, कामुई यांसारख्या जपानी टिपा डुकराच्या चामड्याचे थर दाबून करतात, त्या आकार जास्त दिवस धरतात. ब्रेकची क्यू वेगळी ठेवणारे तिला फिनॉलिकची दगडासारखी टिप लावतात, पण तिने नाजूक फटका मारायला जाऊ नये.

मी स्वतः मध्यम कडक टिप वापरतो. तिची गोलाई साधारण रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी ठेवतो, आणि ती चकाकायला लागली की पॉलिश पेपरने हलकेच खरवडतो, म्हणजे चॉक धरतं. पार्लरच्या क्यूची टिप बहुतेक वेळा सपाट आणि गुळगुळीत झालेली असते; तिथे शाफ्टची चर्चा करण्याआधी ती घासून घ्यावी.

नवी टिप बसवून आणली की पहिल्या संध्याकाळी मी कुणाशी गेम लावत नाही. रिकाम्या टेबलावर एकच बॉल ठेवतो, हळू मारतो आणि त्या नव्या आवाजाची कानाला सवय होऊ देतो.